म्हापशातील ‘नीट’ सराव परीक्षा: एका पालकाचा अभिप्राय

बांबोळीच्या गोमेकॉतील, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयातील, प्रवेश बारावीच्या टक्क्यांवर नव्हे, तर ‘नीट’च्या गुणांवर ठरतो. म्हणून आमच्या कन्येचे नाव आम्ही म्हापशातील एका शिकवणी वर्गाच्या सराव परीक्षांना घातले. आठ परीक्षांचे शुल्क 2,400 रुपये होते. मोबाइलवर विनामूल्य प्रश्नपत्रिका मिळत असताना दर रविवारी साखळीहून म्हापशाला जाण्यात काय हशील, ही माझी शंका पहिल्याच परीक्षेत फिटली.

तिने भौतिकशास्त्राचा 31वा प्रश्न सोडून दिला, मात्र उत्तरपत्रिकेवर त्याची ओळ रिकामी ठेवायला ती विसरली, आणि त्यापुढील चौदा उत्तरे एकेक ओळ वर सरकली. पेनाने काळे केलेले वर्तुळ खोडता येत नाही. त्यामुळे येत असलेल्या प्रश्नांचे चार-चार गुण तर गेलेच, वर प्रत्येक चुकीच्या वर्तुळापोटी एकेक गुण कापला गेला. मोबाइलवर प्रश्न आणि पर्याय एकत्रच असतात, तेव्हा ही चूक घरी कधी उघडकीस आलीच नसती.

वर्गाने वेळही मूळ परीक्षेप्रमाणे दुपारी 2 ते 5 अशीच ठेवली होती. रविवारचे मासळीचे जेवण आटोपून सारा गोवा जेव्हा वामकुक्षी घेतो, तेव्हा 180 मिनिटांत 180 प्रश्न सोडवायचे, तर शरीरालाही तशी सवय लावावी लागते. चौथ्या परीक्षेपासून ती जीवशास्त्राचे 90 प्रश्न आधी हातावेगळे करू लागली आणि भौतिकशास्त्राला पुरेसा वेळ उरू लागला.

तक्रारी मात्र आहेत. 2025 पासून ऐच्छिक प्रश्न रद्द झाले असूनही दोन प्रश्नपत्रिका जुन्याच, 200 प्रश्नांच्या नमुन्याच्या होत्या. निकाल नऊ-नऊ दिवसांनी लागे. तोवर एखादे उत्तर का निवडले होते, हे मुलीलाच आठवत नसे. उत्तरसूचीतील तीन चुका दाखवून दिल्यावर त्यांनी त्या निमूटपणे दुरुस्त केल्या, एवढे मान्य करावे लागेल.

‘जेईई मेन’ संगणकावर होते, त्यामुळे अभियांत्रिकीकडे वळणाऱ्यांना इथल्या उत्तरपत्रिकेचा उपयोग नाही. धाकट्याने वैद्यकीय शाखा निवडली, तर हे शुल्क मी पुन्हा भरीन. मात्र त्याआधी त्या वर्षीच्या नमुन्याची एक प्रश्नपत्रिका मागून घेईन.