सोलेनॉइड गेलाय की गिअरबॉक्स? स्कॅनर, मल्टिमीटर आणि पॅन उघडणं यांत आधी काय

ऑटोमॅटिक गाडी तिसऱ्या गिअरमध्ये अडकली आहे, सिग्नलवरून उठताना तिचा जीव जातोय, चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि गॅरेजवाला म्हणतोय, "साहेब, गिअरबॉक्स उतरवावा लागेल." हो म्हणायच्या आधी थोडं थांबा, दोष नुसत्या एका सोलेनॉइडचाही असू शकतो. मी लिहितोय ते टॉर्क कन्व्हर्टरवाल्या, म्हणजे इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणाऱ्या ऑटोमॅटिकबद्दल. एएमटीत मुळात मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, त्याची तपासणी वेगळी.

सोलेनॉइड म्हणजे विजेवर चालणारा तेलाचा नळ. कॉइलमध्ये करंट गेला की आतला प्लंजर, म्हणजे छोटा दांडा, सरकतो, तेलाची वाट उघडते किंवा बंद होते आणि त्या दाबावर गिअरबॉक्सच्या आतला क्लच पकडतो किंवा सुटतो. म्हणजे तो बिघडतो दोन बाजूंनी, विजेच्या नाहीतर तेलाच्या. कुठली तपासणी कुठली बाजू दाखवते, एवढंच आपल्याला बघायचंय.

गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर सगळ्यात सोपा, पण त्याचं अर्धंच ऐकून लोक पार्ट मागवतात. पी 0700 हा कोड आला तर त्याचा अर्थ इतकाच की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार नोंदली आहे, तिथे जाऊन विचारा. बरेच स्वस्त ब्लूटूथ रीडर तिथपर्यंत पोचतच नाहीत. खरा उपयोग शेवटच्या आकड्याचा. पी 0753 म्हणजे 'ए' सोलेनॉइडच्या सर्किटमध्ये दोष. पी 0751 म्हणजे हुकूम गेला, पण गिअर अपेक्षेप्रमाणे पडला नाही. पहिला विजेचा, दुसरा बहुतेक वेळा तेलाचा. आणि सर्किट म्हणजे नुसती कॉइल नव्हे. वायर आली, कपलर (वायरींचा जोड) आला, अर्थिंग आलं. पावसाळ्यात बॉनेटखाली आसऱ्याला आलेल्या उंदरांनी कुरतडलेली वायरही हाच कोड देते.

म्हणून सर्किटचा कोड असेल तर माझं मत सरळ मल्टिमीटरच्या बाजूने. गिअरबॉक्सवरचा कपलर काढायचा आणि पिनांवर रेझिस्टन्स मोजायचा. काही गाड्यांत बॉडीच्या अर्थिंगशी मोजतात, काहींत कॉमन पिनशी, तेव्हा वायरिंग डायग्राम समोर हवा. टोयोटाच्या बऱ्याच चार गिअरच्या ऑटोमॅटिकमध्ये नुसता उघड-बंद होणारा ऑन-ऑफ सोलेनॉइड 20 अंशांना 11 ते 15 ओहम दाखवतो आणि दाब सांभाळणारा लिनिअर सोलेनॉइड 5 ओहमच्या आसपास. तुमच्या गाडीचा आकडा तिच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

इथे एक गोम आहे आणि मी स्वतः तिच्यात फसलो. माझी जुनी सेदान सकाळी शहाण्यासारखी चालायची आणि घाट चढून गेली की झटके द्यायची. गॅरेजमध्ये थंड गाडीवर मोजलं तर बरोब्बर 13 ओहम. "सोलेनॉइड ठीक आहे, बॉक्सच गेलाय," असा निकाल लागला. मग एक ऑटो इलेक्ट्रिशियन सोबत घेऊन घाट चढलो, वर जाऊन इंजिन बंद केलं आणि लगेच कपलर काढून मोजलं. मीटरवर 'ओएल', म्हणजे सर्किट तुटलेलं. तापलं की कॉइलमधली तार सुटायची आणि निवलं की पुन्हा टेकायची. मात्र गरम रीडिंग थोडं वाढलं म्हणून दचकू नका. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर चढतोच. 20 अंशांना 12 ओहम असलेली कॉइल 100 अंशांना 16 च्या जवळ जाते, त्यात दोष नाही.

बॅटरीचे 12 व्होल्ट देऊन 'टक्' आवाज ऐकायची पद्धत ऑन-ऑफ सोलेनॉइडला चालते. लिनिअरला थेट बॅटरी लावली तर कॉइल जळू शकते. मध्ये 21 वॉटचा बल्ब लावतात तो त्यासाठीच.

मल्टिमीटरला जे दिसत नाही ते म्हणजे कचऱ्याने अडकलेला प्लंजर. कॉइल ठणठणीत, ओहम बरोबर आणि तरी गिअर पडत नाही. अशा वेळी तेलाकडे वळावं. डिपस्टिक असेल तर कंपनीने सांगितल्याप्रमाणे, बहुतेक गाड्यांत इंजिन चालू आणि तेल गरम असताना, पातळी बघा. तेल नुसतं कमी असलं तरी लक्षणं सोलेनॉइडचीच वाटतात. करपट वास, काळपट रंग असेल तर पॅन, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचा तेलाचा ट्रे, उघडायला हरकत नाही. पॅनमधल्या चुंबकावर करड्या रंगाची मऊ चिकट पेस्ट ही रोजची झीज. चमकणारे कण, पत्र्याचे तुकडे सापडले तर मात्र आतलं काही तुटतंय, आणि तसाच बॉक्स ठेवून नवा सोलेनॉइड बसवला तर तेच कण त्यालाही अडकवतील. गॅरेजवाला खरा ठरतो तो इथे.

त्या आधीची एक बिनखर्ची चाचणी सहसा कोणी करत नाही. सोलेनॉइडचा कपलर काढून मोकळ्या जागेत गाडी हळू चालवून बघायची. वीज नसताना बहुतेक बॉक्स पुढचा एक ठरलेला गिअर आणि रिव्हर्स देतात. ते घट्ट पकडत असतील तर क्लच बऱ्यापैकी शाबूत आहेत. तिथेही इंजिन नुसतं रेस होऊन गाडी पळत नसेल तर दोष सोलेनॉइडच्या पलीकडे आहे. नंतर कोड मिटवावे लागतात, एवढंच.

माझा सोलेनॉइड बॉक्स न उतरवता, नुसता पॅन काढून बदलला गेला, सोबत नवं तेल आणि गॅस्केट. सगळ्या गाड्यांत असं जमत नाही. काहींत व्हॉल्व्ह बॉडी, म्हणजे सोलेनॉइड बसवलेला भाग, बाजूला असते आणि तिथे पोचायला बरंच काही सुटं करावं लागतं, तेव्हा मजुरीचा आकडा आधी विचारून घ्या. आणि रीडिंग थंड गाडीवर घेतलं की गरम, हेही.