हेंड्रिक्सचं वुडस्टॉक: दुसरी डिस्क आधी लावा

अमेरिकन रॉक गिटारिस्ट जिमी हेंड्रिक्सचा १९६९ च्या वुडस्टॉक संगीत महोत्सवातला सेट ज्यात आहे तो 'जिमी हेंड्रिक्स लाइव्ह ॲट वुडस्टॉक' हा दोन डीव्हीडींचा सेट २००५ ला आलेला, म्हणजे मी काही ताजी खबर देत नाहीये, पण माझ्या हातात तो आत्ता पडला, तोही सेकंडहँड, कव्हरचा कोपरा तडकलेला आणि पहिल्या डिस्कवर एवढा मोठा ओरखडा की विकणाऱ्याने 'एकदम नव्यासारखा' कुठल्या तोंडाने लिहिलं त्यालाच माहीत. चालल्या मात्र दोन्ही. त्या रात्री आम्ही चौघं जमलेलो, पहिली डिस्क पुसत बसायचा सगळ्यांनाच कंटाळा आला म्हणून सरळ दुसरी लावली, आणि आता मी भेटेल त्याला हेच सांगत सुटलोय की बाबा, उलट्या क्रमाने बघ.

दुसऱ्या डिस्कवर काय आहे, तर वुडस्टॉकच्या वेळी एक कॉलेजचा पोरगा सोनीचा अर्ध्या इंची टेपचा, उघड्या रिळांचा व्हिडिओ रेकॉर्डर घेऊन तिथे पोचलेला. ब्लॅक अँड व्हाइट. महोत्सवावर मोठी डॉक्युमेंटरी करणाऱ्या टीमशी त्याचा काही संबंध नाही. त्याने हेंड्रिक्सचा सेट शूट केला आणि ते रीळ कितीतरी वर्षं तसंच पडून होतं. चित्र कसं म्हणाल तर धुरकट, एकदम खरखरीत, ज्याला फोर-केची सवय झालीये त्याचे डोळे पहिली पाच मिनिटं कुरकुर करतील. मग सवय होते. आणि एकदा झाली की लक्षात येतं की हा कॅमेरा उगाच इकडेतिकडे उड्या मारत नाहीये. पोरगा बघतोय, आणि आपण त्याच्या डोळ्याने बघतोय, बस.

रंगीत डिस्कचं तसं नाही. ती सोळा एमएम फिल्म आहे, रंग काय सुंदर आहेत, ते झालरवालं पांढरं जॅकेट, डोक्याला लाल रुमाल, पांढरी स्ट्रॅटोकास्टर गिटार, सगळं पोस्टरसारखं. पण त्या कॅमेऱ्याचा चारशे फुटांचा रोल अकरा मिनिटांत संपतो, आणि ही सोमवारची सकाळ, १८ ऑगस्ट १९६९, टीम शुक्रवारपासून शूट करतेय, मेलेली सगळी. त्यात वर एडिटिंग. ऐन सोलोमध्ये बोटं बघायची असतात आणि स्क्रीनवर येतो चेहरा! आमच्यातला जो गिटार वाजवतो तो इथे अक्षरशः टीव्हीला शिव्या घालत होता.

त्याचा एक किस्सा सांगतोच. 'रेड हाउस' चालू असताना हेंड्रिक्सची तार तुटते. तुटली म्हणून थांबत नाही, गिटार बदलत नाही, उरलेल्या पाच तारांवर गाणं पुढे नेतो. आमच्या या पठ्ठ्याने तेवढा तुकडा रिमोट हिसकावून सहा वेळा मागे नेला, दर वेळी म्हणे 'आता बघ, आता बघ', आणि मग गप्पच झाला. नंतर म्हणाला की माझी तुटली असती तर मी आधी सॉरी म्हणालो असतो. आणि हे सगळं उजव्या हाताची गिटार उलटी धरून चाललंय हे लक्षात घ्या.

चौथा मेंबर म्हणजे माझा मावसभाऊ, त्याला रॉकचं काही सोयरसुतक नाही, तो आपला मोबाइल बघत बसलेला. त्याने मान वर करून एकच प्रश्न विचारला, 'अरे पण चार लाख लोक होते ना, गेले कुठे?' बरोबर प्रश्न होता! कार्यक्रम रविवारी रात्री संपायचा होता, पावसाने आणि गोंधळाने सगळं लांबत गेलं आणि हेंड्रिक्स स्टेजवर आला तेव्हा सोमवारचे सकाळचे नऊच्या आसपास झालेले. बहुतेक लोक घरी निघून गेलेले, उरले ते त्यातले थोडेच, समोर चिखल, कचरा, भिजलेली ब्लँकेटं. आपल्या डोक्यात जे चित्र असतं ना, चार लाखांच्या समुद्रासमोर हेंड्रिक्स, ते इथे पार मोडतं. मला तर जास्तच आवडलं ते. उरलेले लोक डोळे चोळत उभे आणि समोर हा माणूस दोन तास वाजवतोय.

आणि मग ते अमेरिकेचं राष्ट्रगीत, नुसत्या गिटारवर. पावणेचार मिनिटांच्या आसपास आहे फक्त. ऑडिओ मी शंभर वेळा ऐकलंय, पण बघताना वेगळंच होतं. त्यातल्या बॉम्बच्या ओळीपाशी व्हॅमी बार (तारांचा सूर वरखाली करणारा गिटारचा दांडा) दाबून तो गिटारमधून जे काढतो, शिट्टी, स्फोट, किंकाळी, ते काढताना चेहरा शांत, अगदी कामात असलेल्या माणसाचा. मध्येच सैनिकाच्या अंत्यविधीला बिगुलवर वाजवतात ती 'टॅप्स'ची धून येते. आता यात भर घाला की हा स्वतः अमेरिकन लष्कराच्या १०१ एअरबोर्न या पॅराट्रूपर डिव्हिजनमध्ये होता, बेसवरचा बिली कॉक्स त्याला लष्करातच भेटलेला, आणि दुसरा गिटारिस्ट लॅरी ली नुकताच व्हिएतनामहून परतलेला. तिघं एकाच स्टेजवर. माझा सख्खा भाऊ ड्रम वाजवतो, एरवी तोंड बंद नसतं त्याचं, तो त्या मिनिटांत हललासुद्धा नाही. लगेच न थांबता 'पर्पल हेझ' सुरू होतं तेव्हा कुठे त्याने श्वास सोडला.

आता तक्रार. लॅरी ली! डोक्यावरून डोळ्यांवर लोंबणारी हिरवी झालर बांधलेला तो माणूस दिसतो, वाजवताना दिसतो, ऐकू मात्र जवळजवळ येत नाही. जुमा सुलतान आणि जेरी वेलेझ या दोघांच्या कोंगा-पर्कशनचंही तेच. अनाउन्सरने 'एक्स्पिरियन्स', म्हणजे हेंड्रिक्सचा आधीचा तीन माणसांचा बँड, म्हणून ओळख करून दिली तर हेंड्रिक्सने स्वतः माइकवर दुरुस्ती केलीये की हा बँड वेगळा आहे, जिप्सी सन अँड रेनबोज, आणि मिक्स करणाऱ्यांनी परत तीन माणसांचा बँड करून ठेवलाय. फॅन लोकांची यावर कायम जुंपते. एक गट म्हणतो बँडची रिहर्सल कमी पडलेली, ट्यूनिंग हललेलं, साउंड इंजिनियर एडी क्रेमरने मिक्समध्ये वाचवलं. दुसरा म्हणतो, कच्चं तर कच्चं, आम्हाला ऐकू द्या. मी दुसऱ्यात. लीने गायलेली दोन गाणी तर २०१९ च्या त्या ३८ सीडींच्या महाकाय वुडस्टॉक सेटमध्येसुद्धा नाहीत, तिथे बाकी जवळपास सगळं आहे. भाऊ मात्र पहिल्या गटात, त्याचं म्हणणं ड्रमर मिच मिचेल स्वच्छ ऐकू येतोय ना, मग बास.

बाकी मुलाखती वगैरे आहेत, एकदा बघण्यापुरत्या ठीक, कॉक्स बोलतो ते सोडून मला फार काही आठवत नाहीये.

ज्याला हेंड्रिक्स नवीन आहे त्याने खरंतर रंगीत डिस्कच आधी बघावी, मघाशी मी जे म्हणलं ते आपल्यासारख्या आधीच पाठ झालेल्यांसाठी. आवाज टीव्हीच्या स्पीकरवर ऐकू नका, साधा हेडफोन लावला तरी पुष्कळ फरक पडतो. पाचपैकी साडेचार, तो अर्धा लॅरी लीसाठी कापला. दुसरी डिस्क भाऊ 'दोन दिवसांसाठी' म्हणून घेऊन गेलाय त्याला तीन आठवडे झाले, तडकलेलं कव्हर तेवढं माझ्याकडे आहे.