मुंबई–गोवा निधी राइड: सागरी मार्गाने जावं की महामार्गाने?

एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करायचे आणि त्यासाठी पंधरा-वीस जणांनी मुंबईहून गोव्यापर्यंत सायकल मारायची, इथपर्यंत ग्रुपवर सगळ्यांचं एकमत होतं. वाद पेटतो तो रस्त्यावरून. अर्ध्यांना रेवसपासून रेडीपर्यंत किनाऱ्याने जाणारा सागरी मार्ग हवा असतो, कारण समुद्र. उरलेल्यांना ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग, कारण रजा. कुणीतरी पुणे–कोल्हापूर–आंबोलीचंही नाव काढतंच. तो रस्ता सायकलला उत्तम, पण किनाऱ्याची राइड म्हणून लोकांकडे पैसे मागायचे आणि समुद्र शेवटच्या दिवशी दाखवायचा, हे काही बरं नाही. तेव्हा तो बाजूला.

माझं मत आधीच सांगून टाकतो. माणसं पंधराच्या आत आणि हातात सात दिवस असतील तर सागरी मार्ग. माणसं जास्त किंवा दिवस कमी असतील तर महामार्गाने जाण्यापेक्षा अर्धाच सागरी मार्ग करा. नुसता महामार्ग मी एकाच परिस्थितीत सुचवीन, ती पुढे येईल.

अंतरात फार फरक नाही. पनवेलपासून गोव्याच्या हद्दीपर्यंत महामार्ग साधारण ४७० किलोमीटर. सागरी मार्ग पाचशेच्या वर जातो, आणि वाटेत कुणाला हेदवीचा गणपती, कुणाला विजयदुर्ग करायचा असला की आणखी वाढतो. पण किलोमीटरवर जाऊ नका. नकाशावर सागरी रस्ता पाण्याला चिकटलेला दिसतो म्हणून नवख्यांना तो सपाट वाटतो. प्रत्यक्षात कोकणात थोड्याथोड्या अंतरावर खाडी आहे. रस्ता खाडीपाशी पार खाली येतो आणि पलीकडे लगेच जांभ्याच्या सड्यावर चढतो. चढ लांब नसतात, पण उभे असतात. रत्नागिरीजवळच्या आरे-वारेच्या वळणांवर फोटो काढणाऱ्यांचे हसरे चेहरे आणि पाठीमागून सायकल ढकलत येणाऱ्यांचे चेहरे एकाच वेळी बघायला मिळतात. दिवसाला सत्तर-ऐंशी किलोमीटर धरा, त्याहून जास्त नको.

महामार्गावर कर्नाळा, सुकेळी खिंड, कशेडी, परशुराम असे ठरलेले चढ आहेत. ते लांब पण एका लयीत चढण्यासारखे. सराव असलेला गट रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर मारून चार-पाच दिवसांत बांद्याला पोचतो. चौपदरी काँक्रीट झालंय तिथे कडेला जागाही ऐसपैस मिळते. पण या रस्त्याचं काम किती वर्षं रखडलं ते वाचकांना सांगायला नको. डायव्हर्जन, धूळ, उलट्या बाजूने येणारी वाहनं आणि पाठीमागून हॉर्न मारणारे ट्रेलर, हे दिवसभर ऐकून संध्याकाळी डोकं भणभणतं. देणगीदारांना फोटो पाठवायची वेळ आली की वीस जण एखाद्या ढाब्याच्या पाटीखाली उभे असतात.

फेरीबोटींचं गणित वेगळं मांडावं लागतं, कारण सागरी मार्गाचा निम्मा कारभार त्यांच्यावर चालतो. सुरुवात भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याच्या रो-रोने, म्हणजे गाड्याही नेणाऱ्या बोटीने करावी. सायकली आणि बॅकअप टेम्पो दोन्ही बोटीत चढतात आणि पनवेल–पेण–वडखळची कटकट वाचते. पुढे आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. गोव्यात शिरताना तेरेखोलची फेरी आहेच, ती केरीला उतरवते. या खाड्यांवर पूल बांधायचं राज्य रस्ते विकास महामंडळाने हाती घेतलं आहे, पण तुमचं वेळापत्रक बोटींवरच बसवा. दाभोळची बोट चुकली आणि रस्त्यानेच जायचं झालं, तर खेड–चिपळूणवरून शंभराहून अधिक किलोमीटरांचा वळसा पडतो.

बोटीचा एक मोठा फायदा मात्र महामार्गाला कधीच मिळणार नाही. गट एकत्र येतो. पुढे पळणारे जेटीवर थांबतात, मागचे येऊन मिळतात, कुणी लिंबूपाणी पितं, कुणी ट्यूब बदलतं. वीस जणांच्या राइडमध्ये सगळ्यात अवघड काम हेच असतं. चढता-उतरताना एक सांभाळा: बोटीचा लोखंडी रॅम्प ओला असतो, जेटीच्या कडेला शेवाळ असतं, आणि क्लीटच्या (पेडलमध्ये अडकणाऱ्या) बुटांना तिथे अजिबात पकड मिळत नाही. बूट काढून, चपला घालून, सायकल हातात धरून चालत जा. आधी गाड्या उतरू द्या. धोपाव्याला उतरल्यावर जेटीपासूनच चढ लागतो, म्हणून बोटीतच हलक्या गिअरवर या.

दवाखाना आणि दुरुस्ती यांत महामार्ग सरळसरळ वरचढ आहे. महाड, चिपळूण, सावर्ड्याजवळचं डेरवणचं रुग्णालय, कणकवली, कुडाळ. काही झालं तर मोठी सोय फार लांब नसते. शिवाय कोकण रेल्वे जवळपास समांतर धावते, त्यामुळे गुडघा धरून बसलेल्याला माणगाव, खेड किंवा चिपळूणला गाडीत बसवून देता येतं. किनाऱ्याला श्रीवर्धन, दापोली, गुहागर, देवगड इथे ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयं आहेत, पण मधल्या पट्ट्यात फोनला रेंज असेलच असं नाही. म्हणून सागरी मार्गावर टेम्पो गटाच्या मागेच हवा, पुढच्या मुक्कामी जाऊन झोपलेला नको. पंक्चरवाला गावोगावी मिळतो, पण तो मोटरसायकलचा. प्रेस्टा (सायकलच्या बारीक) व्हॉल्व्हचा अडॅप्टर, जास्तीच्या ट्यूबा आणि डिरेलरचा (मागचे गिअर बदलणाऱ्या भागाचा) हँगर आपल्याकडेच ठेवा.

जेवणाचं थोडक्यात: महामार्गावर वीस जण अचानक टपकले तरी ताटं लागतात. किनाऱ्यावरच्या घरगुती खानावळीत सकाळी फोन करून सांगितलं नाही तर घावणे-चटणीवर भागवावं लागेल. अर्थात, तेही काही वाईट नाही.

आता निधीकडे वळू. राइडचं निम्मं प्रयोजन तेच आहे आणि बैठकीत त्यावर सगळ्यात कमी बोललं जातं. किनाऱ्यावरच्या राइडने किती पैसा उभा राहू शकतो याचं मोठं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. सॅन फ्रान्सिस्को ते लॉस एंजेलिस, सात दिवस, ५४५ मैल, एड्सग्रस्तांसाठी. तिची पहिली आवृत्ती १९९४ मध्ये सुरू झाली, २००२ पासून ती ‘एड्स/लाइफसायकल’ या नावाने चालली. प्रत्येक सायकलस्वाराने किमान ३००० डॉलर जमवायचे, अशी अट कित्येक वर्षं होती. तरीही आयोजनाचा वाढता खर्च आणि घटते सहभागी यांमुळे २०२५ च्या जूनमध्ये ती शेवटची झाली. तंबू, जेवण, ट्रक, वैद्यकीय पथक यांचा पैसा शेवटी देणगीतूनच जातो.

आपल्या वीस जणांच्या राइडला हा धोका नाही, फक्त एक नियम पाळा: टेम्पो, डिझेल, राहणं, जेवण ज्याचं त्याने खिशातून द्यायचं आणि देणगी थेट संस्थेच्या खात्यात जायची. आयोजकाच्या यूपीआयवर एक रुपया नको. करसवलत हवी असणाऱ्यांना आधीच सांगा की २००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती नाही आणि नव्या करपद्धतीतही नाही. हा नियम लावला की सागरी मार्ग प्रत्येकाला दोन-तीन दिवसांनी महाग पडतो. ते ज्याला झेपत नाही त्याला आग्रह करू नये.

रस्ता निवडताना देणगी कुणासाठी आहे हेही बघा. रक्तदान, कर्करोग तपासणी असा विषय असेल, बाजारपेठेत उभं राहून पत्रकं वाटायची असतील, तर मी महामार्ग म्हणेन. महाड, चिपळूण, कणकवलीत माणसं भेटतात, ऐकतात. किनारपट्टीवरच्या शाळेसाठी किंवा कासव संवर्धनासाठी जमवत असाल तर कासवांसाठी ओळखल्या जाणाऱ्या वेळासला न थांबता महामार्गाने निघून जाणं विचित्र दिसेल. दोन्हीकडे सत्कारांपासून सावध राहा. हार, नारळ, चार भाषणं यांत तासभर जातो आणि तोवर ऊन डोक्यावर येतं. दिवसाला एकच सत्कार घ्या आणि तो मुक्कामाच्या गावी. चिपळूण, दापोली, रत्नागिरीत सायकल क्लब आहेत. त्यांना हारांऐवजी दहा-वीस किलोमीटर सोबत यायला सांगा.

जानेवारी–फेब्रुवारी हा काळ दोन्हींना चालतो. नाताळ ते नववर्ष किनारा पर्यटकांच्या गाड्यांनी तुंबतो, गणपतीत महामार्ग. शिमग्यात गावोगावी पालख्या असतात. बघायला छान, पण खोल्या मिळत नाहीत. दुपारनंतर वारा समुद्राकडून, बहुतेक वायव्येचा असतो, त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडेच जा. गोव्याहून मुंबईला येणारी राइड उगाच जड होते.

शेवटी तो अर्धा पर्याय. मांडव्यापासून किनाऱ्याने रत्नागिरी, चार दिवस. दिवेआगर–शेखाडी–श्रीवर्धनचा रस्ता, वर सांगितलेल्या रो-रोपासून जयगडपर्यंतच्या पाचही बोटी आणि आरे-वारे, हे सगळं त्यात येतं. रत्नागिरीहून माणसं रेल्वेने आणि सायकली टेम्पोने परत. ज्यांची रजा आणि ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी भाट्याचा पूल ओलांडून पावस, जैतापूर, देवगड, मालवण करत रेडीला जावं. फक्त टेम्पो कोणासोबत जाणार हे मुंबईतच ठरवून घ्या.