फी घ्यायची कशी: क्यूआर की पेमेंट गेटवे?

जळगावात ऑनलाइन शिकवणी घेणाऱ्या एका ताईंचा हा प्रश्न. पेमेंट गेटवे म्हणजे ऑनलाइन पैसे गोळा करून आपल्या खात्यात देणारी सेवा.

खर्चात क्यूआर सरस. जानेवारी 2020 पासून यूपीआयवर एमडीआर (पैसे घेणाऱ्याकडून कापलं जाणारं शुल्क) शून्य आहे. गेटवे साधारण 2 टक्के कापतो, त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. म्हणजे हजारामागे 23 रुपये 60 पैसे गेले.

खरी कटकट हिशेबाची. क्यूआरवर पैसे येतात वडिलांच्या नावाने. चोपड्याचे पाटील, यावलचेही पाटील, रक्कम सारखीच. बसा मग स्क्रीनशॉट जुळवत! गेटवेत पावती आपोआप निघते. ऑटोपे एकदा मंजूर केलं की 15,000 पर्यंतची मासिक फी पिनशिवाय वळती होते.

आणि मोबाइलवरच आलेला क्यूआर पालकांना गॅलरीतून निवडून स्कॅन करावा लागतो. त्यापेक्षा गेटवेची पेमेंट लिंक सोपी.

पंधरा-वीस मुलं असतील तर क्यूआर पुरे. शंभराच्या पुढे, दरमहा फी असेल तर गेटवेच घ्या.