रोडबाईकवर एरोबार: एका सीझनच्या वापरानंतर

एरोबार म्हणजे हँडलबारवर बसवायचे कोपरांचे पॅड आणि हातात धरायला पुढे निघालेल्या दोन नळ्या; त्यांच्यावर वाकून बसलं की वारा कमी लागतो. क्लिप-ऑन एरोबार लावणं अर्ध्या तासाचं काम आहे. चार बोल्ट, एक ॲलन की, झालं. पण रोडबाईक ट्रायथलॉनसाठी तयार करायची म्हणजे खरं काम सीटचं आहे, आणि एरोबारच्या खोक्यावर ते कुठेच लिहिलेलं नसतं. अख्खा सीझन त्यांच्यावर काढल्यावर माझं मत असं झालंय की सीट हलवायची तयारी नसेल, तर एरोबार घेऊच नयेत.

कारण साधं आहे. रोडबाईकच्या सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन 73-74 अंशांच्या आसपास असतो, ट्राय बाईकचा (खास ट्रायथलॉनसाठीच्या सायकलचा) 76 ते 80. सीट जागेवरच ठेवून कोपरं पॅडवर टेकवली की धड खाली जातं, पेडल वर आलं की मांडी पोटाला भिडते, श्वास अडतो. मग माणूस नकळत घसरत सीटच्या टोकावर येतो, तिथे टोचायला लागलं की उठून बसतो आणि एरोबार नुसते शोभेला उरतात. अशा सायकली रेसमध्ये हव्या तितक्या दिसतात.

उपाय म्हणजे बॉटम ब्रॅकेट (पेडलचे दांडे ज्याभोवती फिरतात तो सांधा) हा मध्य धरून अख्खा माणूसच पुढे फिरवायचा. मागे वाकलेली सीटपोस्ट काढून सरळ, झीरो सेटबॅकची लावली आणि सीट रेलवर पुढे सरकवली. माझ्या मापांत सीट 4 सेंटीमीटर पुढे गेली की कोन साडेत्र्याहत्तरवरून 76-77 वर येतो. पण पुढे येताना सीट पेडलच्या जवळही येते. बॉटम ब्रॅकेटपासून सीटची उंची 72 सेंटीमीटर असेल तर हे अंतर साधारण 1 सेंटीमीटरने घटतं, तेवढी सीट वर घ्यावी लागते. हा एक सेंटीमीटर विसरला की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखायला लागतं आणि दोष मिळतो एरोबारना. क्रँक (पेडलचा दांडा) बदलायचाच असेल तर आखूड घ्यावा, 172.5 ऐवजी 165 मिलिमीटरचा. त्याने कंबरेचा कोन आणखी मोकळा होतो. पण ते नंतरचं.

पुढे बसलं की वजन बसायच्या हाडांवरून पुढच्या नाजूक भागावर येतं. लांब नाकाची नेहमीची सीट इथे चालत नाही, तासाभरात बधिरपणा येतो. पुढून दुभंगलेली, आखूड सीट लावल्यावरच मी सलग खाली राहू शकले. खर्च करायचाच तर आधी इथे करा, कार्बनच्या एक्स्टेन्शनवर, म्हणजे पुढच्या नळ्यांवर, नको.

आता खुद्द बारबद्दल. हँडलबारचा मधला गोल भाग 31.8 मिलिमीटरचा असेल तर बहुतेक क्लॅम्प बसतात. वरून चपटा, एरो आकाराचा हँडलबार असेल तर साधे क्लिप-ऑन बसणारच नाहीत. कार्बन हँडलबार असेल तर कंपनीने क्लॅम्प लावायला परवानगी दिली आहे का, ते मॅन्युअलमध्ये बघा, अंदाजाने आवळू नका. खराब रस्त्यावर शरीराचा बराच भार पॅडवर असतो आणि एखादा खड्डा जोरात बसला की अख्खा हँडलबार स्टेममध्ये (हँडलबार धरून ठेवणाऱ्या तुकड्यात) खाली फिरू शकतो. म्हणून मी स्टेम आणि हँडलबार यांच्या सांध्यावर चंदेरी मार्करने एक बारीक आडवी रेघ मारली आहे, क्लॅम्पवरही तशीच. राईडवरून आलं की आधी रेघ बघायची. तुटलेली दिसली म्हणजे काहीतरी सरकलंय. घर्षण वाढवणारी पेस्ट आणि टॉर्क रेंच (ठरलेल्या ताकदीने आवळणारा पाना) वापरायला लागल्यापासून रेघ जागची हललेली नाही.

पॅडवर टेकायचं ते कोपराचं हाड नव्हे, त्याच्या किंचित पुढचा मांसल भाग. सुरुवातीला खाली सगळे स्पेसर (उंची वाढवणारे तुकडे) घालून पॅड उंच ठेवले आणि मान सरावली तसा एकेक काढत गेले. फोटोत भारी दिसणारी खोल पोझिशन दहा मिनिटं टिकते. त्यापेक्षा दोन बोटं उंच असलेली, पण 90 किलोमीटर टिकणारी पोझिशन कधीही वेगवान. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, लागणारी ताकद घनाने, आणि त्या विरोधाचा सर्वांत मोठा वाटा सायकलचा नसून अंगाचा असतो. म्हणजे दर पाच मिनिटांनी उठून बसलात की मिळवलेलं सगळं गेलं. पॅड किती जवळ आणावेत याचाही फार अट्टहास नको. खूप जवळ आले की आडव्या वाऱ्यात पुढचं चाक भरकटायला लागतं. एक्स्टेन्शनची नळी सगळ्यात शेवटी, पोझिशन पक्की झाल्यावरच कापावी.

मानेचा सराव घरी ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायच्या स्टँडवर) करता येतो, पण एक गोष्ट रस्त्यावरच कळते. डोकं खाली, नजर वर, अशा वेळी चष्म्याच्या फ्रेमची वरची कड बरोबर रस्त्याच्या मधोमध येते. वरून फ्रेम नसलेला चष्मा घेतला आणि मानेचं निम्मं दुखणं गेलं. नजर जाण्यासाठी मान जी जास्तीची उचलावी लागत होती, ती थांबली.

सगळ्यात मोठी गैरसोय गिअरची. ब्रेक आणि गिअर दोन्ही जुन्या जागी, हात मात्र पुढे. सपाट रस्त्यावर चालून जातं. चढ-उताराच्या रस्त्यावर दर वेळी उठा, गिअर बदला, परत टेका. इलेक्ट्रॉनिक गिअर असतील तर एक्स्टेन्शनच्या टोकाला बटणं लावता येतात. ब्रेकला तशी सोय नाही. त्यामुळे वळण, गर्दी, पाण्याचं स्टेशन, उतार, ग्रुप राईड, इथे हात हूडवरच, म्हणजे ब्रेकच्या मुठींवर. शिवाय पॅडनी हँडलबारचा वरचा सपाट भाग व्यापलेला असतो. चढावर तिथे हात ठेवून आरामात बसायची सवय असेल तर ती सोडावी लागते.

दोन हातांच्या मध्ये आडवी बाटली आणि तिच्या पुढे कॉम्प्युटर, ही मांडणी उत्तम. पाणी प्यायला उठावं लागत नाही.

1989 च्या टूर द फ्रान्समध्ये ग्रेग लेमाँड शेवटच्या 24.5 किलोमीटरच्या टाईम ट्रायलला 50 सेकंदांनी मागे होता आणि एरोबार लावून 8 सेकंदांनी टूर जिंकला. त्याआधीच ट्रायथलीट ते वापरत होते, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही! आपल्यासारख्यांना फायदा अंतराप्रमाणे मिळतो. 20 किलोमीटरच्या, वळणावळणाच्या स्प्रिंटमध्ये नाममात्र. जिथे पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर ठेवून एकट्यानेच वारा कापायचा असतो, त्या 90 आणि 180 किलोमीटरच्या रेसमध्ये भरपूर. ड्राफ्टिंगला (दुसऱ्याच्या मागे राहून वारा टाळायला) मुभा असलेल्या रेसचे हँडलबारचे नियम वेगळे असतात, नाव नोंदवण्याआधी वाचा. आणि नळ्यांच्या टोकांना बूच हवंच, नाहीतर सायकल तपासणीतच अडते.

उतरून पळताना मांड्यांच्या पुढचा भाग पूर्वीइतका आखडलेला नसतो, एवढं मी खात्रीने सांगेन. पळण्याचा वेळ सुधारला त्याचं श्रेय मात्र सीटला देणार नाही, त्या काळात पळणंही वाढवलं होतं.

ट्राय बाईक घ्यावी का? वर्षभर फक्त लांब रेस करणार असाल तर हो, गिअरच्या एका कारणासाठीसुद्धा. बाकीच्यांना ही सोय पुरते, कारण ती परत फिरवता येते. मी जुनी सीटपोस्ट जुन्या सीटसकट तशीच ठेवली आहे, दोन्ही पोस्टवर उंचीच्या जागी इलेक्ट्रिकल टेपचा वेढा आहे. ग्रुप राईडच्या आदल्या दिवशी पोस्ट बदलायची आणि एरोबार काढायचे, माप परत घ्यावं लागत नाही. क्लॅम्प बसतो तिथे बार टेप गुंडाळू नका, टेपवर आवळलेला क्लॅम्प हमखास सरकतो.