‘केस पेपरसाठी फोटो’ म्हणून भावाच्या नावावर कर्ज काढलं! नाशिकमध्ये थेरपिस्ट शोधत असाल तर आधी हे वाचा

५७,८५९ रुपये. गंगापूर रोडच्या बाजूच्या एका समुपदेशन केंद्राने माझ्या धाकट्या भावाच्या आजारपणात आमच्याकडून एवढे पैसे काढले. केंद्राचं नाव लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगात आहे आणि वकिलांनी सक्त बजावलंय. पद्धत मात्र सगळी लिहिते. तीच जाहिरात आजही माझ्या मोबाइलवर येते आणि दर वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

भाऊ अंबडला एका कंपनीत शिफ्टमध्ये कामाला आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची झोपच उडाली. रात्री-अपरात्री छातीत धडधड, हातपाय गार, ‘ताई, मला अटॅक येतोय’ म्हणून उठून बसायचा. ईसीजी, टू-डी इको, थायरॉइड, सगळं नॉर्मल. फॅमिली डॉक्टर म्हणाले, हे पॅनिक अटॅक आहेत, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. दाखवलं. गोळ्या सुरू झाल्या आणि जोडीला थेरपी घ्या, असं त्यांनीच सांगितलं. इथपर्यंत सगळं सरळ होतं.

घोडं अडलं ते थेरपिस्ट शोधताना. ज्यांचं नाव चांगलं होतं त्यांच्याकडे महिनाभर नंबर नाही. मोठ्या ऑनलाइन ॲपवर समोरची मुलगी इंग्रजी-हिंदीत बोलणारी. हा पठ्ठ्या घरी आईशी बोलताना अडखळतो, तिथे काय मोकळा होणार? अशात ती जाहिरात आली. ‘औषधांशिवाय ९० दिवसांत चिंतामुक्ती. मराठीतून. नाशिकमध्ये प्रत्यक्ष किंवा घरबसल्या ऑनलाइन.’ खाली ‘डॉ.’ लावलेलं नाव आणि कोट घातलेला फोटो. आता कुणी म्हणेल, ‘९० दिवसांत गॅरंटी’ वाचूनच कळायला हवं होतं. ज्याच्या घरात तरणाताठा मुलगा रात्री दोन वाजता भिंतीला टेकून रडतो, त्याने मला हे ऐकवावं. बाकीच्यांनी ऐकवू नये.

पहिली भेट ४९९ रुपये. त्यात ते ‘सर’ गोड बोलले, भावाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, आधी ‘ब्रेन मॅपिंग’ करू. ३,२०० रुपये. मला वाटलं डोक्याला वायरी लावतील. एका छोट्या मशीनवर दहाही बोटांचे ठसे घेतले, बस्स! दोन दिवसांनी रंगीत वर्तुळांचा जाडजूड रिपोर्ट हातात आला. मेंदूचा अमुक भाग दबलेला आहे, बालपणीची भीती अडकलेली आहे, वगैरे. ही ती डीएमआयटी नावाची बोटांच्या ठशांची चाचणी, मुलांच्या करिअरसाठी म्हणून शाळा-क्लासमध्ये विकतात ती. तिला शास्त्रीय आधार नाही, असं देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने, इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने, जाहीरपणे सांगितलेलं आहे. बोटांच्या ठशांवरून पॅनिक अटॅकचं निदान होत नाही. जिथे ठसे मागतील तिथून त्याच पावली परत फिरा.

मग पॅकेज. बारा सेशनचे ४२,०००, ‘आज घेतलं तर’ ३४,८००. त्यातले ९,८०० मी तिथेच यूपीआयने भरले. उरलेले २५,००० ‘सहा हप्त्यांत द्या ताई, व्याज नाही, काही नाही’. मी समजले, दर महिन्याला केंद्राला पैसे पाठवायचे. दुसरं कुणीही हेच समजलं असतं.

आणि आता ते, जे आठवलं की अजून झोप लागत नाही.

रिसेप्शनवरच्या मुलीने भावाचा फोन मागून घेतला. ‘फाइल ऑनलाइन करायची आहे.’ आधार कार्डचा फोटो काढला. पासबुकाच्या पहिल्या पानाचा फोटो काढला. का, तर ‘कधी पैसे परत करायची वेळ आली तर खातं माहीत असावं’. मग म्हणाली, ‘दादा, केस पेपरसाठी एक फोटो.’ फोन त्याच्या चेहऱ्यासमोर धरला. ‘जरा डावीकडे बघा. आता उजवीकडे. आता डोळे मिचकवा.’ माझा भाऊ गोळ्यांच्या गुंगीत, सांगेल तसं करत होता. डोळे मिचकावले. नीट आलं नाही म्हणून पुन्हा मिचकावायला लावले. मी शेजारच्या खुर्चीवर बसून हे बघत होते. केस पेपरच्या फोटोला डोळे मिचकवायला लावतात का कुणी? सिव्हिलमध्ये लावतात? कुठल्या दवाखान्यात लावतात? जिवंत माणूस समोर आहे की नाही हे तपासायची ती कर्जाच्या ॲपची पद्धत. बँकेच्या व्हिडिओ केवायसीत मी स्वतः हे केलेलं आहे! माझ्या मनात आलंही होतं. पण त्याच वेळी भाऊ माझ्याकडे बघून हसला, कितीतरी आठवड्यांनी हसला, आणि माझं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्यानंतर एक ओटीपी, मग दुसरा. ‘नोंदणीचा आहे, सांगा.’ आईला मी रोज बजावते, ओटीपी कुणाला द्यायचा नाही. पण आई ज्यांना ओटीपी देईल ते फोनवरचे अनोळखी लोक. इथे समोर दवाखाना, भिंतीवर सर्टिफिकेटं, पाण्याचा ग्लास आणून देणारी मुलगी. दवाखान्यात माणूस सावध नसतो, तिथे तो विश्वासानेच जातो. ह्याच गोष्टीचा त्यांनी धंदा केलाय.

सेशन म्हणाल तर ५० मिनिटांचं ठरलेलं, २० मिनिटांत गुंडाळायचे. ‘सर’ दोनदा दिसले, पुढे दर वेळी नवी मुलगी. ऑनलाइन सेशनला कॅमेरा बंद आणि मागे मिक्सरचा आवाज. दर वेळी भावाने पहिल्यापासून सगळं सांगायचं. थेरपीत तोच माणूस, ठरलेली वेळ आणि त्याने मागच्या वेळचं लक्षात ठेवणं, एवढं तरी हवंच.

ह्याहून वाईट पुढेच. ‘सरांनी’ त्याला गोळ्या बंद करायला सांगितल्या. आमच्या माघारी, ऑनलाइन सेशनमध्ये. ‘केमिकल आहे, सवय लागते.’ ह्याने एका दिवसात बंद केल्या. चार दिवसांत चक्कर, मळमळ, डोक्यात झटके बसल्यासारखं, अटॅक दुप्पट. ह्या गोळ्या बंद करायच्या असल्या तरी डॉक्टर हळूहळू कमी करत नेतात, एकदम तोडायच्या नसतात. केंद्र काय म्हणालं? ‘आत दबलेलं विष बाहेर पडतंय, चांगलं लक्षण आहे. आता रिग्रेशन करून घ्या.’ रिग्रेशन म्हणजे संमोहनाने जुन्या आठवणींत नेणं. त्याचे १८,५००. भरले. भाऊ समोर थरथरत होता, भरले. जो एमबीबीएस डॉक्टर नाही तो तुमच्या माणसाच्या गोळ्यांबद्दल एक अक्षर बोलला, तर उठा आणि चालू पडा.

पाच तारखेला भावाच्या पगाराच्या खात्यातून ४,३१० रुपये गेले. मेसेजमध्ये कधी न ऐकलेल्या फायनान्स कंपनीचं नाव. फोन केल्यावर कळलं, २५,००० चं वैयक्तिक कर्ज, भावाच्या नावावर, सहा हप्ते, एकूण २५,८६०. ‘व्याज नाही’ म्हणे! पैसे केंद्राला पहिल्याच दिवशी मिळाले होते. कर्जाचे कागद का आले नाहीत? कारण अर्जात टाकलेला ईमेल भावाचा नव्हताच. डिजिटल कर्जात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने खर्चाचा गोषवारा द्यावा लागतो आणि सुरुवातीच्या मुदतीत दंडाशिवाय कर्ज परत करून बाहेर पडता येतं. पण कर्ज आहे हेच माहीत नसेल तर ती मुदत काय कामाची? हप्ता थांबवला तर भावाचा सिबिल खराब. त्याचं घराचं चाललंय, लग्नाचं चाललंय. सहाही हप्ते मी भरले.

पैसे मागायला गेले तेव्हा तिथला मॅनेजर शांतपणे म्हणाला, ‘ताई, सेशन रेकॉर्ड असतात. दादा बरंच काही बोललेत. त्यांचं लग्न जमवताय ना?’ मी पायऱ्या उतरून खाली आले आणि गाडीच्या हँडलला धरून उभी राहिले. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क लिहिलेला आहे. हे मला त्या वेळी माहीत नव्हतं, नाहीतर तिथेच ऐकवलं असतं. सेशन रेकॉर्ड करता का, हे पहिल्याच दिवशी विचारा आणि नकार लेखी द्या.

आता सरकारी दारं. पोलीस ठाण्यात साहेब म्हणाले, ‘मॅडम, हे दिवाणी आहे. तुम्ही स्वतः ओटीपी दिलाय.’ खोटं सांगून सही, ओटीपी, पैसे घेणं ही फसवणूक नाही का? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ मग कशासाठी आहे? त्यांनी सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, आरोपी माहीत आहे, पत्ता माहीत आहे, मग हे सायबर कसं? स्थानिक ठाण्यात जा. परत ठाण्यात. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्यांदा गेले तर ‘मूळ अर्जदार कुठाय? त्यालाच आणा.’ ज्याला दारावरची बेल वाजली तरी धडकी भरते त्याला मी ठाण्याच्या बाकावर बसवलं, आणि तिथे सगळ्यांसमोर मोठ्याने, ‘काय, डोक्याचा त्रास आहे का?’ भाऊ त्या दिवशी जेवला नाही. बँक म्हणाली, हप्त्याचं मँडेट, म्हणजे खात्यातून पैसे आपोआप कापायची परवानगी, बंद करायला कर्ज देणाऱ्याचं पत्र आणा. कर्ज देणारा म्हणतो, केंद्राकडून रद्द झाल्याचं पत्र आणा. केंद्र फोन उचलत नाही. आरोग्य खात्याच्या कार्यालयात बोगस डॉक्टरांविरुद्धची समिती आहे म्हणून गेले, तर उत्तर मिळालं, ‘ते औषध लिहून देतात का? इंजेक्शन देतात का? मग बोगस डॉक्टरमध्ये बसत नाही.’ अहो, औषध बंद करायला लावतात, ते कशात बसतं? २०१७ च्या कायद्यातली नोंदणी रुग्णांना ठेवून घेणाऱ्या संस्थांसाठी. ही मंडळी रुग्ण ठेवत नाहीत, नुसती खुर्ची आणि टिश्यू पेपरचा डबा ठेवतात. म्हणजे बोर्ड लावायला कुणाला विचारायला नको, फी किती घ्यावी ह्याला धरबंद नाही. म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ असलेलं हे शहर, आणि इथे मनाचा डॉक्टर खरा की खोटा हे सामान्य माणसाने दारोदार फिरून शोधायचं? प्रत्येक टेबलावर मला एकच प्रश्न आला, ‘तुम्ही शिकलेल्या ना?’ हो, शिकलेली आहे. फसवणाऱ्याला कधी हा प्रश्न विचारलात का?

भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटो माझ्याकडे आहे. सोनेरी फ्रेम, लाल सील, ‘इंटरनॅशनल बोर्ड’. खाली बारीक अक्षरात कोर्सच्या तारखा, शनिवार ते रविवार. नावामागचं ‘डॉ.’ कुठल्यातरी पर्यायी उपचाराच्या मानद पदवीचं.

म्हणून सांगते. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मानसोपचारात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर, त्याचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक असतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असं कुणी लावत असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेचा, म्हणजे आरसीआयचा, नोंदणी क्रमांक मागा आणि परिषदेच्या वेबसाइटवर नाव तपासा. खरा माणूस रागावत नाही, उलट लगेच सांगतो. एमए करून प्रामाणिकपणे काम करणारे समुपदेशकही आहेत, त्यांना आरसीआय नसेल. मग कुठे शिकलात, कुणाच्या मार्गदर्शनाखाली काम करता, हे विचारा. पॅकेज घेऊ नका. एका सेशनचे पैसे, एका सेशनची पावती. रुग्णाचा फोन रिसेप्शनवर द्यायचा नाही.

भाऊ आता पहिल्याच डॉक्टरांकडे परत जातो, गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. थेरपीसाठी आरसीआय नोंदणी असलेल्या बाई मिळाल्या, सेशनचे १,२००, नंबरला थांबावं लागलं. पैशाची अडचण असेल तर त्र्यंबक रोडच्या सिव्हिलमध्ये मनोविकाराची ओपीडी आहे. लोक बघतील म्हणून आम्ही गेलो नाही, तुम्ही जा. रात्री कुणाला काही सुचेनासं झालं तर १४४१६, टेलि-मानस, फुकट, चोवीस तास, मराठीतून बोलतात.

पोलिसांकडे तोंडी काही सांगू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. घेत नसतील तर पोलीस आयुक्तांना पोस्टाने पाठवा. कर्ज देणाऱ्या कंपनीला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन करता येते. मी केली आहे. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो. आमचा लागला आहे, समोरचा वकील तारखा घेतोय.

आणि नाशिकमध्ये कुठल्याही समुपदेशन केंद्रात तुमच्या माणसाला फोटोसाठी डोळे मिचकवायला लावले असतील, तर आजच त्याचा क्रेडिट रिपोर्ट काढा. प्रत्येक क्रेडिट कंपनीला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावाच लागतो. त्यात न घेतलेलं कर्ज दिसलं, तर मला कळवा. आमच्या दाव्याला दुसरा अर्जदार हवाच आहे.