'ब्लेड रनर' पुन्हा बघायचाय? मग कोणता?

'ब्लेड रनर' बघून "एवढं नाव ऐकलं होतं, आणि हे काय?" असं वाटलं असेल, तर आधी आपण कोणती आवृत्ती पाहिली ते तपासा. रिडली स्कॉटच्या या चित्रपटाच्या बऱ्याच आवृत्त्या आहेत, पण निवड करायची ती १९८२ साली थिएटरात लागलेली आणि २००७ची 'फायनल कट' या दोघींत.

१९८२च्या आवृत्तीत नायक डेकार्ड झालेल्या हॅरिसन फोर्डचं निवेदन आहे. त्याचं काम पळालेल्या रेप्लिकंटांना, म्हणजे माणसासारख्या कृत्रिम जिवांना, शोधून मारणं. चाचणी खेळांना प्रेक्षक गोंधळले म्हणून ते आणि गोड शेवट जोडला गेला. कोण कुणाच्या मागावर आहे ते त्यामुळे पटकन कळतं. पण त्याची किंमत फार मोठी आहे. पावसात छतावर रेप्लिकंटांचा म्होरक्या रॉय बॅटी मरतो, तो या चित्रपटाचा सर्वोच्च क्षण. बॅटी झालेल्या रुट्गर हाउअरनं मूळ संवाद स्वतः कापून ते शेवटचे शब्द घडवले. त्यानंतर काही क्षण कुणी बोलूच नये. इथे मात्र डेकार्ड लगेच त्याचा अर्थ सांगायला लागतो. मला ते सहन होत नाही.

'फायनल कट'मध्ये निवेदन नाही. डेकार्डला मनात युनिकॉर्न (एकशिंगी घोडा) दिसतो, त्यामुळे त्याच्यासोबतच्या पोलिसानं, गॅफनं, शेवटी ठेवलेला कागदी युनिकॉर्न एकदम बोचतो: डेकार्डच्या मनातलं याला कसं ठाऊक? जुन्या आवृत्तीत कागदी युनिकॉर्न आहे, पण ते दृश्य नाही. पळालेल्या रेप्लिकंटांचा हिशेबही तिथे जुळत नाही: सहा पळाले, एक मेला, आणि शोध चौघांचाच. २००७मध्ये मेलेले दोन केले. तेव्हा गोंधळ झाला असेल, तर तो तुमचा दोष नव्हता.

१९९२ची 'डायरेक्टर्स कट' मधली पायरी आहे. निवेदन तिच्यातच गेलं, पण स्कॉटला पूर्ण मोकळीक २००७मध्ये मिळाली.

संथपणाच खटकला असेल, तर आवृत्ती बदलून उपयोग नाही. दोन्ही साधारण ११७ मिनिटांच्या आहेत. मोबाइलवर पाहिला असेल तर मात्र एक संधी द्याच, मोठ्या पडद्यावर, वँगेलिसचं संगीत नीट ऐकू येईल अशा आवाजात. आणि या वेळी गुन्हेगार सोडून फोटोंकडे बघा. रेप्लिकंट लिऑन त्याच्या फोटोंसाठी जीव टाकतो, रेचल आपण माणूसच असल्याचा पुरावा म्हणून आईचा फोटो आणते, डेकार्डच्या पियानोवरही फोटोंची गर्दी आहे.

माझं मत 'फायनल कट'ला. कथाच हाती लागली नव्हती, तर १९८२ची लावा, पण छतावरच्या प्रसंगापासून पुढे 'फायनल कट'वर या.